कंदाचा डोळा

“नव्या सुनेला पुरायची खोड आहे. खायचं सोडून पुरत बसते. माहेरी उपास पाहिले असणार बिचारीनं, दुसरं काय.”

हे वाक्य तिच्यासाठी नव्हते. सासूबाई ते थोरल्या सुनेच्या कानाशी लागून बोलल्या होत्या. पण मुलांनो, साळिंदराच्या बिळात कानगोष्ट करता येत नाही. बिळाला एक लांब वाट असते, तिला दोन वळणे असतात आणि शेवटी एक गोल खोली. खोलीत कोणी कुजबुजले, की आवाज मातीच्या भिंतीला धरून चालत येतो आणि तोंडाशी बसलेल्याला स्वच्छ ऐकू येतो. सासरच्या मंडळींना याचा पत्ता नव्हता, कारण बिळाच्या तोंडाशी त्यांच्यापैकी कोणी कधी बसत नसे. तिथे वारा लागतो. नव्या सुनेला तीच जागा मिळाली होती.

“उपास कसले आलेत, आत्याबाई,” जाऊ म्हणाली. “चोरून साठवत असेल. उद्या आपण उपाशी बसू आणि ही रोज एक एक उकरून खाईल.”

“हळू बोल. ऐकेल.”

ती ऐकतच होती. तिने अंग आणखी थोडे आखडून घेतले, म्हणजे काटे भिंतीला घासून आवाज व्हायला नको.

हा डोंगर मुरमाड होता. वर करवंदीच्या जाळ्या, खाली ओढा, आणि मध्ये उतारच उतार. त्या उतारांच्या पोटात रानकंद होते. पावसाळ्यात त्यांचे वेल झाडांवर चढत, थंडीत वाळून जात, आणि वाळलेल्या वेलाच्या बुडाशी उकरले की पांढराशुभ्र कंद हाती लागे. साळिंदरांचे हे कुटुंब पिढ्यान् पिढ्या त्यावर जगत आले होते. घरात सासरे होते, सासूबाई होत्या, थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन पिल्ले, धाकटा मुलगा आणि आता ही त्याची नवी बायको. ती ओढ्याच्या वरच्या अंगाच्या खोऱ्यातून आली होती. वेल वाळायला लागले तेव्हा तिचे लग्न झाले.

दिवस कलला की सगळे रांगेने चरायला निघत. पुढे सासरे, मग थोरला, जाऊ, पिल्ले, मग नवरा. त्याच्यामागे सासूबाई, कारण त्यांचा पुढचा डावा पंजा फाशात सापडून अधू झाला होता आणि त्या लंगडत चालत. सगळ्यात शेवटी नवी सून. हा त्या घरचा रिवाज होता. बिबट्या नेहमी मागून येतो, असेही त्या घरात नेहमी बोलले जाई. या दोन गोष्टी शेजारी ठेवून काय समजायचे, ते सुनेने पहिल्याच संध्याकाळी समजून घेतले होते.

पण शेवटी चालणाऱ्याला एक फायदा असतो. पुढच्यांनी मागे काय सोडले, ते त्याला दिसते.

सासरचे लोक कंद खात, तो प्रकार तिने आधी कधी पाहिला नव्हता. कंद उकरायचा, गर खायचा, आणि वरचे केसाळ, चिवट टोक मागच्या पायाने उडवून द्यायचे. ते घरंगळत उतारावरून खाली जाई आणि उन्हात वाळून काटकीसारखे होई. खड्डा तसाच उघडा राही. एक उतार संपला की पुढचा. संपलेल्या उताराला ते ‘खाल्लेला उतार’ म्हणत, आणि खाल्लेल्या उताराकडे पुन्हा ढुंकूनही पाहायचे नाही, अशी त्यांची पद्धत होती. उष्ट्या ताटात कोणी पुन्हा जेवायला बसते का, असे सासरे म्हणत.

ज्याला ते उडवून देत, त्या टोकाला तिच्या माहेरी ‘डोळा’ म्हणत. पुढल्या वर्षीचा वेल तिथून फुटतो. तिच्या आईची रीत अशी होती : कंद खाताना डोळ्याला अंगठ्याएवढा गर लागलेला राहू द्यायचा, तो होता त्याच खड्ड्यात उलटा न पडेल असा ठेवायचा, पंजाने माती लोटायची आणि पुढे चालायचे. एवढेच. माहेरी त्याचे कोणी कौतुक करत नसे, की कोणी त्याबद्दल बोलत नसे. आई डोळा पुरताना शेजारणीशी गप्पा मारत असे. कोणाचे पिल्लू फार हट्टी आहे, कुठल्या जाळीत साप आहे, असल्या गोष्टी. पुरून झाल्याचे तिचे तिलाही कळत नसे. लहानपणी एकदा लेकीने विचारले होते, “आई, नुसता डोळा पुरला तर चालणार नाही का? गर मी खाते.” आई म्हणाली होती, “नुसता डोळा उपाशी मरेल. आपल्या घासातलं थोडं त्याला लागतं.”

सासरी पहिल्या संध्याकाळी तिने पहिला कंद खाल्ला आणि डोळा पुरला. जावेने मान वळवली.

“काय गं, काही हरवलं का?”

“नाही, जाऊबाई.”

“मग काय पुरतेस?”

“डोळा.”

“कसला डोळा?”

तिने सांगायला तोंड उघडले, तोवर पुढून सासऱ्यांचा आवाज आला, “काय चाललंय मागं?”

“धाकटीच्या माहेरची पद्धत पाहतेय, मामंजी. खाल्लेलं झाकून ठेवतात.”

सासरे हसले. हसले की त्यांच्या पाठीवरचे काटे सळसळत. “पोरी, तुमच्या खोऱ्यात डोंगर लहान असेल. आमच्या डोंगराला कंद कधी कमी पडलेत, असं ऐकलंयस का कोणाच्या तोंडून?”

तिने ऐकले नव्हते. म्हणून ती रांगेमागे चालू लागली. आणि त्यानंतर काही दिवसांनी बिळाच्या तोंडाशी बसून तिने ते वाक्य ऐकले, जे तिच्यासाठी नव्हते.

उपाशी घरची. चोरटी. यातले कोणते जास्त लागले, हे तिला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी तिने ठरवले, की आता पुरायचे नाही. चारचौघांसारखे वागायचे. पहिल्या कंदाचा डोळा तिने पायाने उडवला. तो घरंगळत गेला तेव्हा तिने तिकडे पाहिले नाही. दुसराही उडवला. तिसऱ्या कंदाच्या वेळी ती आईच्या विचारात होती, आणि विचारातून बाहेर आली तेव्हा माती लोटून झालेली होती. पंजाने आपले काम तिला न विचारता केले होते. ती त्या मातीकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून पहिले दोन डोळे शोधले नाहीत. आज दोन चुकले म्हणून उद्या दोन जास्त पुरायचे, असे आईने शिकवले नव्हते. गेले ते गेले. ती पुढच्या कंदाकडे वळली.

तेव्हापासून ती फक्त एवढे करू लागली, की सगळे जरा पुढे गेले की मग पुरायचे. आपला डोळा तर पुरायचाच, आणि वाटेत सासरच्यांचा एखादा पायाशी आला, तर तोही. वाट सोडून ती कधी गेली नाही. तेवढे तिला झेपले नसते, आणि जे झेपत नाही ते फार दिवस होत नाही, हे तिला माहीत होते.

मुलांनो, आता तुम्हाला वाटेल, की या घरात डोंगराची काळजी कोणालाच नव्हती. तसे नाही. काळजी पुष्कळ होती. वर्षातून एकदा होती.

उन्हाळा तापू लागला, एका उतारावर पोट भरेना, दोन-दोन उतार पालथे घालावे लागले, की सासरे एका संध्याकाळी मोठ्या काळ्या दगडावर चढत. सगळे काटे उभे करत, शेपटीचा खुळखुळा वाजवत आणि ‘मोठा नेम’ जाहीर करत.

“आजपासून चंद्र पुरा होईपर्यंत या घरातलं कोणी जमिनीला पंजा लावणार नाही. कंद बंद. साल कुरतडू, वाळकी फळं खाऊ, नाहीतर उपाशी राहू. डोंगराला विसावा मिळाला पाहिजे.”

मग सगळे काटे खुळखुळवत. आवाज ओढ्यापर्यंत जाई. शेजारपाजारचे प्राणी बघायला येत आणि माना डोलावत. खरे सांगायचे, तर तो देखावा सुंदर असे. सुनेलाही पहिल्यांदा गहिवरून आले. तिला वाटले, आपणच यांना ओळखले नाही.

मंडळींनी उपास कडक पाळला. पिल्ले रडली तरी पाळला. आणि चंद्र पुरा झाल्यावर पारणे आले. त्या एका संध्याकाळी ते कुटुंब उतारावर असे तुटून पडले, की सुनेने पाऊल मागे घेतले. करंगळीएवढी मुळेही कोणी सोडली नाहीत. उपासाची भूक होती, वर उपास पाळल्याचा अभिमान होता; एवढे केल्यावर आता कोण अडवणार, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते.

उकरलेल्या मातीत किडे टिपत एक रानकोंबडी फिरत होती. ती सुनेच्या जवळ आली आणि म्हणाली, “तुमचा उपास भारी असतो हो. पण तुमच्या पारण्याचा दिवस जवळ आला, की मी अंडी दुसऱ्या उतारावर नेते.”

सुनेला हसू आले. पण घरी परतताना सगळ्या उताराला पडलेली भोके तिने पाहिली, आणि हसू उरले नाही.

पावसाळ्यात वेल उगवले. सगळा डोंगरच वेलींचा झाला, त्यामुळे कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, हे कोणाच्या लक्षात आले नाही. उघड्या खड्ड्यांत पाणी साठले, कडा ढासळल्या, माती ओढ्याला मिळाली. बिळाजवळचा खालचा उतार मात्र जागच्या जागी राहिला. सुनेने सासरी येऊन पहिले डोळे पुरले होते ते तिथेच.

पुढे थंडीत एक लहान गोष्ट घडली. इतकी लहान, की ती गोष्टीत सांगावी की नाही असा प्रश्न पडतो. वेल पुन्हा वाळले, चरणे सुरू झाले, आणि सुनेला दिसले, की नवऱ्याने खाल्लेल्या कंदाचा डोळा आता उतारावरून खाली जात नाही. तो खड्ड्याच्या काठावर ठेवलेला असतो. थोडा गर लागलेला. नवऱ्याने मागे वळूनही पाहिले नाही; जणू पाय दुखतो म्हणून उडवायचा कंटाळा केला असावा. तिनेही विचारले नाही. ती यायची, डोळा खड्ड्यात ठेवायची, माती लोटायची. काही दिवसांनी तिला खड्डा झाकलेलाच सापडू लागला.

त्या वर्षी थंडी संपायच्या आतच डोंगर संपला.

एकेक उतार ‘खाल्लेला’ होत होत सासरे पार माथ्यापर्यंत पोचले. माथ्यावर कातळ होता. कातळात कंद नसतो. पिल्लांच्या बरगड्या दिसू लागल्या. जाऊ आपला वाटा त्यांना देई आणि आपल्याला भूक नाही असे सांगे. मोठा नेम त्या वर्षी लवकरच झाला, पण त्याचे पारणे झालेच नाही. पारण्याला उकरायला काही नव्हते. सगळे साल कुरतडून राहिले. साल कडू लागते, आणि तिच्याने पोट भरत नाही.

इकडे खालच्या उतारावर, बिळाच्या दारात म्हणावे इतक्या जवळ, वाळलेल्या वेलांच्या दोऱ्या जमिनीत गेल्या होत्या. तिकडे कोणी पाहत नव्हते. तो खाल्लेला उतार होता. सुनेने एका संध्याकाळी मागे राहून एक जागा उकरून पाहिली. मुठीएवढा कंद होता. फार मोठा नाही, पण टणक आणि पांढरा. तिने तो न खाता पुन्हा झाकला आणि परतल्यावर बिळाच्या तोंडाशी नवऱ्याला गाठले.

“अहो, खालच्या उतारावर लागलेत.”

त्याने खालच्या उताराकडे पाहिले. मग म्हणाला, “किती आहेत?”

“बेतानं खाल्लं, तर पावसापर्यंत निभेल. बेतानं खाल्लं तर.”

“घरी सांगितलंस तर काय होईल?”

“पारणं होईल.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

तिने बिळाकडे पाहिले. आतून सासूबाईंच्या चालण्याचा आवाज येत होता. तीन पावले नीट आणि एक ओढत.

सांगितले तर एका संध्याकाळी सगळे खलास होणार, आणि वर ‘बघा, चोरून साठवलं होतं’ हेही ऐकावे लागणार. नाही सांगितले तर डोळ्यांदेखत उपासमार. सुनेने हा विचार किती वेळा उलटसुलट केला असेल, ते तिचे तिला माहीत. आज सांगू, उद्या सांगू, असे करत तिने दिवस घालवले. गप्प राहणाऱ्यांचा हा दोष असतो. योग्य वेळेची वाट पाहता पाहता ते चुकीच्या वेळेपर्यंत येऊन पोचतात.

ओढ्याकाठचा पळस फुलला त्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्यांना गोल खोलीत बोलावले. या वेळी ते दगडावर चढले नाहीत, आणि त्यांचे काटे पाठीला चिकटलेले होते.

“हा डोंगर आपल्याला पुरला, तेवढा पुरला. उद्या दिवस कलला की निघायचं. ओढा ओलांडून, मोठा रस्ता ओलांडून, पलीकडच्या डोंगरावर. बीळ तिथं नव्यानं खोदावं लागेल. वाटेत थांबायचं नाही. थांबला तो गेला, हे आधीच सांगतो.”

यावर सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं हळूहळू.”

त्या अगदी रोजच्या आवाजात बोलल्या. अधू पंजाने ओढा ओलांडता येतो का, आणि मोठा रस्ता किती वेळात ओलांडावा लागतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. सासऱ्यांनी मान खाली घातली.

“मी थांबते तुमच्याबरोबर, आत्याबाई,” जाऊ म्हणाली.

“पिल्लांना घेऊन मागं थांबणार? वेडी का काय तू. चांगली पुढं चाल. आणि धाकट्या पिल्लाला मधे घे, ते कडेला पळतं.”

नव्या सुनेने हे सगळे तोंडाशी बसून ऐकले. या वेळी कोणी हळू बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. सासूबाईंनी प्रत्येकाच्या पाठीवरून नाक फिरवले आणि त्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसल्या. बरोबर सुनेच्या जागेवर. रांग चालू लागली. सून सगळ्यात शेवटी होती. तिच्या पुढची सासूबाईंची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी जागाही रांगेबरोबर चालत होती. खालच्या उतारापाशी आल्यावर सून थांबली. तिला थांबलेले पाहायला मागे कोणी नव्हते. मग ती रांग सोडून उतारावर चढली, वेलाची एक दोरी पकडून बुडाशी आली आणि उकरू लागली.

कंद तोंडात धरून ती बिळापाशी परत गेली आणि तो सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

सासूबाईंनी वास घेतला. “कुठला हा?”

“खालच्या उतारावरचा.”

“तो तर खाल्लेला उतार.”

“हो.”

सासूबाईंनी कंद उलटा केला, सुलटा केला. वरच्या केसाळ टोकावर त्यांचा पंजा थांबला. “हे तू पुरायचीस ते?”

“हो, आत्याबाई.”

“साठवण नव्हती तर ती.” त्यांनी कंद पुन्हा खाली ठेवला. “मी थोरलीला एकदा काहीतरी बोलले होते तुझ्याबद्दल. ते तुझ्या कानावर आलं होतं का?”

“इथं बसलं की आतलं ऐकू येतं.”

“सगळं?”

“सगळं.”

सासूबाईंनी बिळाच्या अंधाऱ्या वाटेकडे वळून पाहिले. “जन्म गेला माझा या बिळात,” त्या म्हणाल्या, “आणि मला कधी कोणी सांगितलं नाही.”

मग त्यांनी कंद खाल्ला. सावकाश खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर डोळा तेवढा पंजात धरून बसल्या. तो उडवून द्यायला त्यांचा पाय उचलला गेला नाही.

तेवढ्यात सगळे परत आले. नवऱ्याने त्यांना हाक मारून थांबवले होते. त्या घरात त्याने पहिल्यांदाच कोणाला थांबवले असेल. काय झाले, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. तिसऱ्या वाक्याची कोणी वाट पाहिली नाही. सगळे खालच्या उताराकडे धावले. पिल्लांना पहिला कंद मिळाला. जाऊ तो त्यांच्यापुढे मोडून ठेवताना सुनेकडे बघत म्हणाली, “मी तुला चोर म्हणाले होते गं.” एवढेच म्हणाली आणि दुसरा कंद उकरायला वळली. तिने उडवलेला डोळा घरंगळत सुनेच्या पायाशी आला.

सासरे तर बदलूनच गेले होते. त्यांचे काटे पुन्हा उभे राहिले. पंजात अर्धा खाल्लेला कंद धरून ते काळ्या दगडावर चढले, आणि शेपटीचा खुळखुळा असा वाजला, की ओढ्यापलीकडे एक भेकर दचकून पळाले.

“ऐका सगळे,” ते म्हणाले. “या पोरीनं आपले डोळे उघडले. आता असा नेम करू, की या डोंगरानं कधी पाहिला नसेल. उद्यापासून या घरातला प्रत्येक जण उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त डोळे पुरेल. खाणं बंद, झोप निम्मी. सगळा डोंगर पुरून काढू, माथ्यावरचा कातळसुद्धा सोडायचा नाही. एका उन्हाळ्यात डोंगर पहिल्यासारखा. पण ते उद्या. आज मात्र कोणी हात आखडता घेऊ नका. बऱ्याच दिवसांनी पारणं आलंय, आज पोटभर जेवा.”

सगळ्यांनी काटे खुळखुळवले. पिल्लांनीही आपले चार-चार काटे खुळखुळवले. थोरला दोन्ही पंजांनी उकरू लागला. उतारावर एकाशेजारी एक भोके पडू लागली, आणि त्यांतून उडालेले डोळे उन्हाळ्यातल्या पाचोळ्यासारखे खाली येऊ लागले.

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. तो तिच्याकडेच बघत होता. बिळाच्या तोंडाशी सासूबाई पंजातला डोळा धरून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी, की फक्त शेवटी चालण्याची सवय असलेल्यालाच ती दिसावी.

सून सगळ्यांच्या मागची आपली जागा सोडून पुढे आली. वाटेत कोणाला ओलांडून, कोणाला वळसा घालून ती थेट काळ्या दगडापाशी गेली. तिला पुढे आलेली पाहून एकेकाचे काटे थांबले. तिचा आवाज कसा आहे, हेही त्यांतल्या काहींना नीटसे माहीत नव्हते. तो फार मोठा नव्हता, पण उतार शांत झाला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

“मामंजी, उद्यापासून काही नको,” ती म्हणाली. “तुमच्या पंजात जो कंद आहे, त्याचा डोळा अजून शाबूत आहे. आधी दगडावरून खाली या, तेवढा पुरा, खड्डा झाका, आणि मग बाकीचं बोला.”

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच : उद्याच्या मोठ्या संकल्पाने डोंगर टिकत नाही, आजच्या घासामागे न चुकता केलेल्या लहानशा कामाने टिकतो.